बांधापलीकडची बंदूक

निवडणूक जाहीर झाली की किशनरावांचं डोकं दुखायला लागे. त्यांना निवडणूक लढवायची नव्हती की कोणाला पाडायचंही नव्हतं. दुखणं वेगळंच होतं. निवडणूक लागली की ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी ती पोलीस ठाण्यात जमा करायची असते, आणि त्यांच्या अख्ख्या शिवारात अशी बंदूक एकाच माणसाकडे होती. तो माणूस किशनराव नव्हते.

तो होता तांड्यावरचा रूपसिंग.

मागच्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला रूपसिंग तांड्यावरून खाली फाट्यावर आला. डोक्याला धुतलेला पटका, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि खांद्यावर लाल फडक्यात गुंडाळलेली लांबलचक वस्तू. आखाडा बाळापूरला जाणारी काळीपिवळी गच्च भरली होती, तरी ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरच्या दोन पोरांना मागे कोंबलं.

"या, बंदूकवाले," हॉटेलवाल्या विश्वंभरनं आवाज दिला. "चहा घेऊन जा. ठाण्यातून फोन आला व्हता काय?"

"दोनदा आला," रूपसिंग म्हणाला. "जमादार म्हणले, तुमची एकच राहिली हाय."

किशनराव समोरच्या बाकावर बसले होते. पोलीस ठाण्यातून आजवर त्यांना एकही फोन आला नव्हता. चांगल्या माणसाला अशा गोष्टीचं समाधान वाटायला हवं. किशनरावांना त्या दिवशी वाईट वाटलं. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि घरी आले.

किशनरावांची जमीन चाळीस एकर, रूपसिंगची सहा. दोघांचा बांधाला बांध. रूपसिंगचा बाप धर्मसिंग याला पिकाच्या राखणीसाठी एकनळी बंदुकीचा परवाना मिळाला होता, तो पुढे रूपसिंगच्या नावावर आला. तेव्हापासून रानडुकरं रूपसिंगचं रान सोडून किशनरावांच्या भुईमुगात शिरत. लग्नकार्यात रूपसिंगला पुढची खुर्ची मिळे. दिवस मावळताना बांधापलीकडून 'ठो' असा आवाज आला की किशनरावांचा हातातला घास हातातच राही.

"गिळा घास," सुमनबाई म्हणत. "गोळी काय तुमाला लागली न्हाई."

दोन हिवाळ्यांपूर्वी तर किशनरावांनी हद्द केली होती. झुंजुमुंजू असताना काळं घोंगडं डोक्यावरून घेऊन ते रूपसिंगच्या तुरीत शिरले. बंदुकीचा खरंच एवढा धाक आहे का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. हातापायांवर रांगत त्यांनी डुकरांचे माग शोधले. एकही सापडला नाही. गारठ्यानं खोकल्याची उबळ आली तेव्हा ते तसेच मागे फिरले. ही गोष्ट त्यांनी सुमनबाईंनाही सांगितली नव्हती.

विधानसभेचा निकाल लागला आणि किशनरावांनी हिंगोलीला जाऊन बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. सातबारा जोडला, नुकसानीचे फोटो जोडले. घरात भिंतीला दोन खुंट्याही ठोकून घेतल्या. सुमनबाईंनी त्यांच्यावर पिशव्या अडकवायला सुरुवात केली.

पुढे फेब्रुवारीत त्यांची नात आरोही वही घेऊन त्यांच्याजवळ आली. ती सातवीत होती आणि शाळेत वादविवाद स्पर्धा होती.

"आबा, विषय असा आहे. बंदूक बाळगणं हा नागरिकाचा हक्क असावा का? बाई म्हणाल्या, अमेरिकेच्या संविधानात तसं लिहिलेलं आहे. आणि आता तिथलेच बरेच लोक म्हणतात, आजच्या काळात त्याचा पुन्हा विचार करा. शाळांमध्येसुद्धा गोळीबार होतो तिथे."

"बराबर लिहिलंय त्यांनी," किशनराव सावरून बसले. "आपल्या संविधानात काहून न्हाई? मी तीन महिने झाले चकरा मारून राहिलो. हक्क असता तर आज बंदूक त्या खुंटीवर असती. लिही, हक्क पाहिजे."

आरोहीनं लिहिलं. मग पेन्सिल गालाला लावून विचारलं, "हक्क म्हणजे सगळ्यांना ना?"

"सगळ्यांना."

"मुन्नाकाकाला पण?"

मुन्ना म्हणजे त्यांचा पुतण्या. पाण्याच्या पाळीवरून त्यानं सख्ख्या भावावर कुदळ उगारली होती, आणि नेटवर्क मिळेना म्हणून तीन मोबाईल दगडावर आपटले होते.

"मुन्नाला कशाला? ज्याला गरज हाय त्याला."

"गरज आहे का नाही हे कोण ठरवणार?"

"कलेक्टर ठरवील की."

"मग तो हक्क नाही झाला, आबा. ती परवानगी झाली. ती तर आत्ताही आहे." आरोहीनं लिहिलेलं खोडलं. "हक्क म्हटलं की मुन्नाकाकाला पण, विश्वंभरकाकाला पण, तांड्यावरच्या सगळ्यांना पण."

किशनरावांच्या डोळ्यांपुढे तांड्यावरची साठ घरं आणि साठ बंदुका आल्या. फाट्यावरच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण बंदूकवाला. मग त्यांना पुढची सीट कोण देणार?

"मग असं लिही," ते म्हणाले. "कोणालाच देऊ नये. आन् ज्यांच्याकडं हायेत त्यांच्याकडूनबी काढून घ्यावी. आधी त्यांच्याकडून."

हे बोलताना त्यांच्या छातीत गार वाटलं. रूपसिंगची रिकामी खुंटी त्यांना स्पष्ट दिसली.

आरोहीनं पेन्सिल खाली ठेवली. "आबा, तुम्ही आत्ताच उलटं बोलला होता. नेमके कोणाच्या बाजूनं आहात?"

दारात गहू निवडत बसलेल्या सुमनबाई म्हणाल्या, "त्यांची बाजू बांधावर हाय, बाई. तू तुझं तू लिही."

स्पर्धा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी किशनरावांना ठाण्यातून फोन आला. आयुष्यातला पहिला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, पण ऐकायला फक्त सुमनबाई होत्या. जमादार म्हणाले, "पाटील, तुमच्या परवान्याची चौकशी आलीय. शेतशेजाऱ्याचा जबाब लागंल. तुमच्या बांधाला लागून रूपसिंग हाय, त्यालाबी बोलावलंय. उद्या या."

किशनराव बंद झालेला फोन तसाच हातात धरून बसले. आपली बंदूक रूपसिंगच्या जिभेवर आहे, हे त्यांना आता कळलं. त्याच्या जागी आपण असतो तर काय बोललो असतो, याचा त्यांनी विचार केला आणि त्यांची झोपच उडाली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दोघं शेजारी शेजारी बसले. जमादारांनी कागद ओढला.

"रूपसिंग, पाटलांना बंदुकीचा परवाना द्यायला तुझी काही हरकत?"

"न्हाई, साहेब. द्या. पाटील निर्व्यसनी माणूस हाय."

एवढंच. जमादारांनी लिहिलं, रूपसिंगनं सही केली. किशनरावांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना त्यातही टोचलं. रूपसिंगनं थोडी तरी खळखळ करायची होती. आपल्याकडे बंदूक आली तरी याला काहीच वाटत नाही, म्हणजे हा आपल्याला समजतो तरी काय?

जमादार कागद गोळा करता करता म्हणाले, "आन् रूपसिंग, तुझी बंदूक कधी नेणार? तिच्या चिठ्ठीवरची शाई उडून गेली. परवाना वेळेवर नवा करतो, आन् बंदूक न्यायला येत न्हाई."

"निकाल लागून तीन महिने झाले की," किशनराव न राहवून म्हणाले. "अजून नेली न्हाई?"

"तीन महिने कशाचे, पाटील. लोकसभेच्याबी आधीपासून हितंच पडून हाय. यानं सोताहून आणून ठेवली."

रूपसिंग खाली पाहत पटका सारखा करत होता.

बाहेर आल्यावर दोघं स्टँडकडे निघाले. स्टँडजवळ उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथे रूपसिंगच थांबला. त्यानं दोन गिलास सांगितले.

"विधानसभेला फाट्यावरून खांद्यावर काय नेलं व्हतं?" किशनरावांनी विचारलं.

"डवऱ्याचा दांडा. ठाण्यातून फोन आला म्हणलो, तेबी खोटंच."

"आन् रोजचा आवाज?"

"सुतळी बॉम्ब. तेलाच्या रिकाम्या डब्याखाली लावायचा. मोठा वाजतो." रूपसिंग थोडा हसला. "तसं डुकरं बंदुकीनं कधीच थांबली न्हाईत, पाटील. मी आन् बायको आळीपाळीनं रानातल्या माळ्यावर बसतो, डबा बडवतो. तुमी घरी झोपता, म्हणून ती तुमच्याकडं येतात."

"मग ठाण्यात काहून टाकली?"

रूपसिंगनं रस संपवला. गिलास फळीवर ठेवला. मग हळू आवाजात सांगू लागला.

"दोन वर्सं झाली. पहाटं माळ्यावर व्हतो. तुरीत काळं डुक्कर दिसलं. मोठं, रांगत रांगत चाललं व्हतं. मी नेम धरला. बोट घोड्यावर गेलं. तेवढ्यात ते खोकललं."

किशनरावांनी हातातला गिलास फळीवर ठेवला.

"डुक्कर खोकत न्हाई, पाटील. दिवस वर आला तरी मी माळ्यावरून उतरलो न्हाई. तिसऱ्या दिवशी बंदूक हितं आणून ठेवली. घरात ती दिसली की तो खोकला ऐकू येई."

गुऱ्हाळाचा चरक फिरत होता. किशनराव म्हणाले, "कोण व्हतं ते, तुला कळलं व्हतं?"

"तीस वर्सं बांधाला बांध हाय. खोकला वळखू येत न्हाई व्हय?"

"तरी तू हरकत घेतली न्हाई. आत्ता. साहेबापुढं."

"घेतली असती तर तुमाला वाटलं असतं, रूपसिंग जळतो."

किशनरावांचे कान तापले. त्यांनी वेगळंच विचारलं, "मग दांडा कशाला मिरवतोस? सांगून टाकायचं, बंदूक ठेवून दिली म्हणून."

"डुकराला फटाका पुरतो," रूपसिंग म्हणाला. "माणसाला पुरत न्हाई. बंदूक न्हाई म्हणलं तर पुढची सीट कोण देईल मला? तुमाला चाळीस एकर हाय. तुमी पाटील. मला तेवढं फडकंच हाय."

परतताना काळीपिवळीत रूपसिंगला पुढे जागा मिळाली. किशनराव मागे पाच जणांत दबून बसले आणि वाटभर त्याच्या पटक्याकडे पाहत राहिले. तुरीतला तो गारठा त्यांच्या पाठीतून पुन्हा फिरला. घोंगड्याखालून त्यांना त्या दिवशी काय काय दिसलं होतं, तेही आठवलं. माळा मात्र दिसला नव्हता.

घरी आरोही वही घेऊन वाटच पाहत होती. "आबा, सोमवारी स्पर्धा. मी 'हक्काचा पुन्हा विचार करावा' या बाजूनं बोलणार आहे. एक उदाहरण कमी पडतंय."

"बंदूक पाहिजे म्हणणाऱ्याचं घेऊ नको," किशनराव म्हणाले. "बंदूक पाहिजे म्हणणारा माणूस खरं सांगत न्हाई, का पाहिजे ते. ज्यानं घेतली, वापरली, आन् सोताच्या हातानं परत ठेवून आला, त्याला विचार."

"असा कोण आहे?"

नाव जिभेवर आलं. एक शब्द टाकला असता तर आरोहीनं सोमवारी साऱ्या शाळेसमोर सांगितलं असतं, मंगळवारपर्यंत विश्वंभरच्या हॉटेलात पोचलं असतं, आणि बुधवारी रूपसिंग काळीपिवळीत मागे पाच जणांत बसला असता. इतक्या वर्षांची आग एका शब्दात विझली असती. किशनरावांनी तो शब्द तोंडात घोळवला. पण त्या शब्दाच्या मागोमाग तूर येणार होती, घोंगडं येणार होतं. आणि गुऱ्हाळावरचा तो हलका आवाजही येणार होता, ज्यानं दोन वर्षं कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"असंल कोणीतरी," ते म्हणाले. "नाव लिहू नको. एक शेतकरी, एवढंच लिही."

आरोहीचा दुसरा नंबर आला. किशनरावांच्या अर्जावर हिंगोलीहून आणखी दोन कागद मागवले, ते त्यांनी दिलेच नाहीत. सुमनबाईंना सांगितलं, साहेब बदलला. भुईमुगाच्या वेळी ते स्वतः माळा बांधून रानात बसू लागले. रूपसिंगच्या बांधाजवळ गेले की उबळ नसली तरी दोनदा खोकत. पलीकडून डबा दोनदा वाजे.

जळणं मात्र गेलं नाही. आधी बंदुकीचं जळत होतं, आता बंदूक सोडून देण्याचं जळत होतं. तेही आधी त्यालाच सुचलं.

वर्षभरानं पुन्हा निवडणूक लागली. रूपसिंग इस्त्रीचा सदरा घालून फाट्यावर आला. खांद्यावर लाल फडकं. गाडी यायला वेळ होता, त्याला तंबाखू मळायची होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि बाकावरच्या किशनरावांपुढे ते गाठोडं केलं.

"पाटील, जरा धरता काय?"

विश्वंभरचा हात किटलीवर थांबला. मुन्ना मोटारसायकलवरून वळून पाहू लागला. स्टॉपवरची सगळी माणसं पाहत होती.

किशनरावांनी गाठोडं घेतलं. फडक्यातून डवऱ्याच्या दांड्याची गाठ हाताला लागली. बाभळीचा होता. त्यांनी तो हळूच खांद्यावर टेकवला, आणि पाठ सरळ केली.