चाळीस पावलांवरचं घर

एनिड पर्किस दमली होती. दिवसभराचा थकवा झोपून उतरतो, हा तसला नव्हता. पंचेचाळीस वर्षांचा होता, आणि त्यातला निम्मा तरी तिचा नसून घराचा होता. घर विकावं, लॉन्सेस्टनला धाकट्या बहिणीकडे जावं आणि जिथून समुद्र दिसत नाही अशा खोलीत पाय वर घेऊन बसावं, एवढंच तिच्या मनात उरलं होतं.

गिऱ्हाईकही मिळालं होतं. मेलबर्नचे दाताचे डॉक्टर ड्युरंट व्हरांड्यात उभे राहिले, त्यांनी खाडीकडे पाहिलं आणि तिथेच विरघळले.

मंगळवारी मोजणीवाली बाई आली. तिने तिपाई रोवली, यंत्राला डोळा लावला, नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. मग एनिडने दिलेला चहा घेत म्हणाली, "पर्किसबाई, तुमची जमीन तिकडे आहे." तिने बोट दाखवलं तिथे एक पाणकावळा बुडी मारत होता.

"कुठे म्हणालात?"

"त्या पक्ष्याच्या खाली. पाण्यात गेली ती आता सरकारजमा. आणि घर उभं आहे ते शेजारच्या ट्रेमेन यांच्या कुरणात."

"किती घर?"

"सगळं. संडाससुद्धा."

हे कसं झालं ते कॅल्डरच्या खाडीत कुणीही सांगेल, आणि प्रत्येक जण थोडं वाढवूनच सांगेल. देवमासे मारणाऱ्या कप्तान ट्रँटरने हे घर बांधलं ते स्वतःच्याच फुटलेल्या गलबताच्या लाकडांचं. पाया घातलाच नाही. गलबताच्या दोन लांब तुळया जमिनीवर टाकल्या आणि त्यांवर घर बसवलं, बर्फातल्या घसरगाडीसारखं. समुद्राने आपल्याला एकदा लुबाडलंय, पुन्हा लुबाडू देणार नाही, असं तो म्हणे. म्हणून त्याने खरेदीखतात अट घालून ठेवली: घर ज्याच्या ताब्यात असेल त्याने ते भरतीच्या रेषेपासून स्वतःच्या चाळीस पावलांवर ठेवायचं. पाणी पुढे आलं की घर मागे. त्या दिवशी तुळयांना चरबी फासायची, बैल जुंपायचे, अख्ख्या खाडीने दोरखंडाला लागायचं, आणि मालकाने सगळ्यांना शिंपल्यांचे पॅटिस आणि बिअर द्यायची. घर जागेवर बसलं की मालकाने चौकटीवर आपलं नाव कोरायचं.

पहिलं नाव कप्तानाचं. त्याने जेवणाच्या टेबलाशी बसूनच घर ओढून घेतलं आणि सूपचा थेंब सांडला नाही, असं म्हणतात. दुसरं नाव ब्रायडी मलहर्न या धोबिणीचं. घर ओढतानाच तिला कळा आल्या. पोराचं डोकं जुन्या जागेत बाहेर आलं आणि पाय नव्या जागेत. जन्माच्या दाखल्यावर पत्ता कोणता घालायचा या विचाराने कारकून दोन दिवस रजेवर गेला. तिसरा सफरचंदांची खोकी करणारा ऑटो लिंडेमान. त्याची बायको आत पियानो वाजवत बसली होती. गत सुरू झाली तेव्हा खिडकीबाहेर शेळी होती, संपली तेव्हा शेजाऱ्याचं सफरचंदाचं झाड. चौथं आणि शेवटचं नाव अल्बन पर्किस, एनिडचा दिवंगत नवरा. तोवर बैल गेले होते, ट्रॅक्टर आला होता.

घर चार वेळा मागे नेलं. कागद मागे न्यायचा राहिला. कुणाला सुचलंच नाही, कारण इथे सगळे पाण्यापासून मोजतात, कुंपणापासून कुणी मोजत नाही.

एनिड कुरण ओलांडून हॉरी ट्रेमेनकडे गेली. हॉरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा, ओट्यावर बसून बटाटे सोलत होता.

"हॉरी, माझं घर तुझ्या कुरणात आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"ट्रॅक्टर कोण चालवत होतं? कुंपणाचे खांब मीच उपटले. अल्बन म्हणाला, चाळीस होईस्तोवर ओढ. ओढलं. पॅटिस चांगले होते."

"आणि तुझ्या मेंढ्या माझ्या भिंतीला अंग घासतात म्हणून तीस वर्षं मी तुला शिव्या देतेय."

"आपल्याच कुरणात घासत होत्या बिचाऱ्या. पण म्हटलं, बाईला भांडायला कुणीतरी हवं."

एनिड पायरीवर बसली. उभं राहण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"मग तूच घे घर."

"मी? आणि पाणी आलं की ओढणार कोण? नको गं बाई. घराखालचा तुकडा वकिलाकडे जाऊन तुझ्या नावावर करतो. मग वीक कुणाला विकायचं ते."

"बदल्यात काय?"

"पॅटिस."

"मला आता उभं राहून पीठ मळवत नाही."

"बसून मळ."

"डॉक्टरला चाळीस पावलांचं सांगावं लागेल."

"नाही सांगितलंस तर?"

"तर लॉन्सेस्टनला जाऊन पाय वर करून बसेन, आणि झोप यायची नाही."

खरी गोष्ट हॉरीलाही माहीत नव्हती. गेली दोन वर्षं एनिड पावलं आखूड टाकून चाळीस भरवत होती.

कागद झाले. सहीच्या दिवशी डॉक्टर नवेकोरे बूट घालून आले. एनिडने त्यांना सगळं सांगितलं: कप्तान, धोबीण, पियानो, पॅटिस, ट्रॅक्टर. डॉक्टर पोट धरून हसले.

"पर्किसबाई, हे लिहून द्या मला. फ्रेम करून भिंतीला लावतो."

"गोष्ट नाहीये ही. अट आहे. खरेदीखतात आहे."

"वाचली ना. फार गोड अट आहे."

"चला, मोजून दाखवते."

भरती पुरती भरली होती. एनिडने पाण्यापासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आपलं खरं पाऊल टाकलं. गुडघे कुरकुरले. पायरीला पाय लागला तेव्हा तेहतीस झाली होती.

"तेहतीस," ती म्हणाली. "म्हणजे यंदाच ओढायला हवं."

"थांबा, मी मोजतो." डॉक्टर निघाले. बूट ओले होऊ नयेत म्हणून गोट्यांवरून तुरुतुरु, शेवाळ टाळत, आखूड आखूड पाऊल टाकत आले. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बघा, तंतोतंत. पावलं कुणाची धरायची?"

"ज्याच्या ताब्यात घर, त्याची," एनिड म्हणाली.

डॉक्टरांनी सही केली. मग चौकटीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "माझं नाव कधी कोरायचं?"

"ओढल्यावर."

"तुमचं दिसत नाही."

"मी नाही ओढलं."

हॉरीने तिच्या दोन पेट्या आपल्या गाडीत टाकल्या. पॅटिसचा डबा त्याने मांडीवर घेतला होता आणि एका हाताने गाडी चालवत होता.

"सांगितलंस त्याला?"

"दोनदा."

"मग?"

"हसला."

"दात चांगले असतील." हॉरीने दुसरा पॅटिस उचलला. "माझा ट्रॅक्टर चार वर्षं चालू होत नाही, तेही सांगितलंस?"

"ते तू सांग. तुझा शेजारी आहे आता."

चढावरच्या वळणावर खाडी डोंगरामागे गेली. हे तिला दाखवावं म्हणून हॉरीने मान वळवली. एनिडने बूट काढून पाय समोरच्या काचेखाली वर ठेवले होते, आणि ती झोपली होती.