डिसेंबरातलं भांडण

डिसेंबर उजाडला की ग्रिसेल्दा मिर्ताला रामराम ठोकायची. मिर्ता तिची मानसोपचारतज्ज्ञ. चार वर्षं दर मंगळवारी तिच्या कोचावर पडून ग्रिसेल्दा बोलत आली होती. पण फेब्रुवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, ब्यूनोस आयर्सचे झाडून सगळे मानसोपचारतज्ज्ञ समुद्रावर जातात. मिर्ताने सुट्टीच्या तारखा सांगितल्या, की हिचं डोकं फिरलंच.

"जा की! मीही आता येणार नाही," यंदाही ती म्हणाली.

"चौथ्यांदा," मागच्या खुर्चीतून मिर्ता म्हणाली. "मी जायच्या आत तूच मला हाकलतेस. आणि पालोमाला?"

पालोमा ही ग्रिसेल्दाची एकुलती एक लेक. येत्या शनिवारी ती नोकरीसाठी माद्रिदला जाणार होती, आणि गेले आठ दिवस मायलेकींत अबोला होता. कारण काय, तर लेकीने न विचारता आईची सुटकेस घेतली!

ग्रिसेल्दा छताकडे बघत राहिली. मिर्ताही गप्प. ही बाई अशी गप्प बसते, की समोरच्याला स्वतःचंच ऐकू यायला लागतं. शहरात बोलणारे ढीगभर आहेत. असं गप्प बसता येणारं माणूस लाखात एक.

"सात वर्षांची होते," शेवटी ग्रिसेल्दा म्हणाली. "आई इटलीला निघाली होती. मी बाथरूमला आतून कडी घातली. ती दार वाजवत होती, आणि मी ओरडले, जा एकदाची! ती गेली. परत आलीच नाही. मीच घालवली तिला, मिर्ता."

"तिचं तिकीट आधीच काढलेलं होतं, ग्रिसेल्दा."

एवढंच वाक्य. पण चाळीस वर्षांचं ओझं त्याने जागचं हललं. ग्रिसेल्दा पोटभर रडली.

"आणि मी अजून कड्याच घालत सुटलेय," नाक पुसत ती म्हणाली.

"आज इथेच थांबू. पुढच्या मंगळवारी?"

"येईन. पण फेब्रुवारीत तू गेलीस की मला राग येणारच."

"मग तो घेऊनच मार्चमध्ये ये."

घरी पालोमा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"सुटकेसवरून उगाच भांडले मी," ग्रिसेल्दा दारातूनच म्हणाली. "तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं. आणि तू जायचंस."

"आई, तू रडतेयस?"

"रडतेय. विमानतळावरही रडणार आहे, भोकाड पसरून. लाज वाटली तर लांब उभी राहा."

शनिवारी पालोमा लांब उभी राहिली नाही.