गोधडीच्या भोकातून

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर माझी एखादी बहीण घडी होऊन पडली असेल. मीही तशीच, बोरी बुद्रुकच्या उसात दडलेल्या एका घरातली जुनी, विटकी गोधडी. फरक एवढाच, की माझ्या एका कोपऱ्याला भोक आहे. त्या भोकातून मी पुष्कळ जग पाहिले. भुतांचेसुद्धा.

मला शिवले लंकाबाईंनी. अंगणात उन्हाला बसून, आपल्या जुन्या लुगड्यांच्या घडीत लेकाचा, भरतचा, शाळेतला सदरा घालून. सुई चालायची तशी ओवी चालायची:

*टाक्यामागं टाका माझा, लुगड्याच्या धडप्यावरी,*
*बाळाला थंडी वाजं, माय पसरं अंगावरी.*

शेवटचा टाका घालण्याआधी त्यांनी माझ्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवला. गोधडी उपाशी शिवू नये, अशी त्यांची रीत. उपाशी गोधडीला ऊब धरत नाही म्हणे. पण त्या तुकड्याचा वास एका उंदराला लागला. तो माझा घास खाऊन गेला आणि जाताना भोक ठेवून गेला.

पुढे एकदा लंकाबाई ठिगळ लावायला बसल्या, तर भरतनेच त्यांच्या हातातली सुई काढून घेतली.

"आये, ऱ्हाऊ दे. आमच्या समूचं टाकीज हाय ते."

समू म्हणजे त्याची लेक समृद्धी. बापलेकीला सिनेमाचा भारी नाद. तोही भुताटकीचा, नाहीतर जगबुडीचा. मोबाइल डब्याला टेकवायचा आणि दोघांनी माझ्याखाली शिरायचे. भुताने तोंड दाखवले की समू मला डोक्यावरून ओढायची आणि भोकाला डोळा लावायची. भीतीही वाटायला हवी आणि दिसायलाही हवे!

भरत मात्र भीत नसे. तो शेरे मारायचा.

"एवढी डोंगराएवढी लाट येतीया, आन ही बया फोटू काढतीया. पळ की माये!"

"पप्पा, गप बसा ना."

"आन त्यो कुत्रा बघ. सगळं शहर बुडंल, पर कुत्रं मरायचं न्हाई. लाव पैज."

कुत्रे खरेच मरायचे नाही. समू खिदळायची. माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

पण त्याचा सगळ्यात आवडता शेरा वेगळाच होता. ओसाड बंगला, बाहेर कसलासा आवाज, आणि घरातला माणूस बॅटरी घेऊन दार उघडतो. "कौन है?" असे विचारतो. मग भरत मांडीवर थाप मारायचा.

"झालं! येडं निघालं भाईर! कोण हाय इचारतंय. भूत काय आधार कार्ड दावणार हाय का?"

मग दोघे एका सुरात ओरडायचे, "येडं! येडं!"

भरतची बायको वृषाली चुलीपुढून म्हणायची, "अहो, त्या पोरीला अभ्यासाला बसवा. भुताच्या परीक्षेत पयली येऊन काय करायचंय?" ती स्वतः सिनेमा कधी बघत नसे. तिच्या हातांची ऊब मला फक्त धुताना माहीत होती.

मित्रांनो, आता पुढचे सांगताना माझे टाके उसवतात.

दिवेलागणीची वेळ होती. लंकाबाई देवापुढे वात लावत होत्या. वृषाली गोठ्यात धार काढत होती. बापलेक माझ्याखाली बसून एक भुताचा सिनेमा बघत होते. बाहेर आमचा कुत्रा मोती एकदाच भुंकला, केकाटला आणि गप्प झाला. मग गाय हंबरली.

भरतने मला अंगावरून बाजूला केले. समूने त्याचा सदरा धरला.

"पप्पा, नका जाऊ. तुमीच म्हणता ना, आवाज आल्यावर भाईर जातं ते येडं असतं."

भरत हसला. घाईत हसला.

"अगं, तुजी आई गोठ्यात हाय."

पायात चप्पल न घालता तो गेला. हातात बॅटरी. अंगणातून त्याचा आवाज आला, "कोण हाय रं तिकडं?"

उसातून बिबट्या आला होता. वृषालीपर्यंत तो पोचलाच नाही. मध्ये भरत होता.

शेजारच्यांनी जीप काढली. भरतला माझ्यात गुंडाळून नारायणगावच्या दवाखान्याकडे निघाले. लंकाबाईंनी ज्याच्यासाठी मला शिवले, त्याला मी अंगभर धरले होते. जेवढी ऊब होती तेवढी सगळी दिली, मित्रांनो. वाटेतच तो गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोती लंगडत परत आला. समू त्याच्या गळ्यात पडून रडली. "तुमी पैज जिकली, पप्पा," एवढेच म्हणत राहिली.

मयताचे पांघरूण घरात ठेवत नाहीत. दहाव्याला ते टाकून द्यायचे. पाटाच्या पाण्यात धुतलेल्या मला काखोटीला मारून लंकाबाई नदीला निघाल्या. समू आडवी आली.

"आज्जी, ही नको ना टाकू."

"पोरी, रीत हाय."

"पप्पांचा शाळेतला सदरा हाय तिच्यात. आन त्यांनी भोकसुदिक बुजू दिलं न्हाई."

लंकाबाईंचे बोट माझ्या भोकात गेले. आत सदऱ्याची कड लागली. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"रीत लोकांची," त्या म्हणाल्या. "गोधडी माजी हाय."

मी राहिले. पण सिनेमा बंद झाला.

मग एका रविवारी, भर दुपारी, समूने मोबाइल डब्याला टेकवला. एकटीच माझ्याखाली बसली. थोड्या वेळाने माझी कड उचलली गेली.

"सरक जरा," वृषाली म्हणाली.

पडद्यावर ओसाड घर होते. बाहेर आवाज झाला. एका माणसाने बॅटरी घेतली, दार उघडले. समूने 'येडं' म्हणायला तोंड उघडले आणि माझी कड ओठांवर दाबली. वृषालीने भोकाला डोळा लावला होता. माझा तो कोपरा ओला होत गेला.

"आई," समू हळूच म्हणाली, "ह्याचंबी कोणतरी भाईर असंल."

मित्रांनो, घरातली गोधडी फाटली तर जरूर शिवा. तिला ऊन दाखवा, उंदरापासून जपा. पण ठिगळ लावण्याआधी एकदा विचारा, या भोकातून कुणी काही बघत होते का. आणि सिनेमातला एखादा माणूस आवाज ऐकून बाहेर निघाला, तर त्याला लगेच येडा म्हणू नका.

आमच्या घरात आता कुणी म्हणत नाही.