इंजिन बंद ठेवून

पॉलीला झोप लागली की लॉर्न आधी रेडिओ बंद करायचा, मग हीटरचा पंखा, आणि घाटमाथा ओलांडून उतार लागला की इंजिन. किल्ली एक घर मागे, गिअर न्यूट्रलला. मग चाकांखाली रस्ता घासल्याचा आवाज तेवढा राहायचा, आणि मागच्या सीटवर पॉलीचा श्वास. नाकात थोडी सर्दी असली की तो शिट्टीसारखा वाजायचा. त्याने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तान्ह्या मुलीच्या घरात शांतता मिळते कुठे?

आमची गाडी जुनी, डिझेलची. क्रेस्टनहून लॉर्नच्या आईकडे क्रेस्टोव्हाला जायचं तर मध्ये कूटनेचा घाट लागतो, आणि पॉली झाल्यापासून आमच्या तिकडे खेपा वाढल्या होत्या. माझं काम सुटलं, डिझेल महागलं. लॉर्न म्हणाला, "मी पाय हलका करतो." आणि केला. पेडलवर पाय कसा ठेवायचा हे तो मला सांगायचा, "पॉलीच्या पोटावर हात ठेवतो ना आपण, तसा." लांबचं बघायचं. पुढे लाल दिवा दिसला की आत्ताच पाय काढायचा, म्हणजे पोचेपर्यंत तो हिरवा होतो. चढावर वेग थोडा पडला तर पडू द्यायचा. टायरमध्ये हवा नीट ठेवायची. छतावरचा स्कीचा रॅकही त्याने काढून टाकला. शंभर किलोमीटरला किती लिटर जातं त्याचा आकडा स्टिअरिंगमागे दिसतो, तो हळूहळू उतरू लागला आणि लॉर्न संध्याकाळी शीळ घालत घरी येऊ लागला. मला आवडत होतं. खरंच आवडत होतं.

मग त्याला फोनवर डिझेल गाडीवाल्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे लोक आकड्याचे फोटो टाकतात, आणि सगळ्यांत कमी आकडा घेऊन वर असते क्रॅनब्रुकची कोणी आर्डिथ.

"टाकी चाटून प्यायलास तरी त्या बाईला हरवणार नाहीस," मी एकदा चिडवलं.

"आर्डिथ गाडीत एकटी असते," तो म्हणाला. "वजनच नाही." आणि त्याने आरशातून मागे बघितलं. मागे पॉली होती, पायातला मोजा तोंडात घालून बसलेली.

डिकीतलं जादा चाक गेलं. बाबागाडी घरी राहायला लागली. मग एके दिवशी दुधाच्या बाटल्या, कपडे असं सगळं भरलेली पॉलीची पिशवी दारातच राहिली. मी विचारलं तर म्हणाला, "आईकडे आहे की सगळं." रस्त्यावर तो लाकडं वाहणाऱ्या ट्रकच्या इतक्या मागे चिकटून चालवायचा की ओंडक्यांवरच्या साली आमच्या काचेवर येऊन आपटायच्या. ट्रकच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणे.

"लॉर्न, ती रडतेय. थांबव ना जरा."

"इथे चढावर? थांबून पुन्हा उचलायची म्हणजे ग्लासभर डिझेल गेलं, लारा. माथ्यावर थांबतो."

माथ्यावर तो थांबला नाही. तोवर पॉली रडून रडून, घामेजून झोपली होती.

"बघ," तो हळूच म्हणाला, आणि त्याने किल्ली मागे फिरवली.

ऑक्टोबरातला शनिवार होता. लार्चची झाडं पिवळी पडली होती आणि माथ्यावर कडेकडेला बर्फ साचायला लागलं होतं. सॅल्मो गावाकडच्या उतारावर आम्ही इंजिन बंद ठेवून निघालो. एका वळणावर त्याने ब्रेक दाबला, मग पुन्हा एकदा दाबला. पुढचं वळण सुटलं आणि समोर नारिंगी जॅकेटातली बाई थांबण्याची पाटी धरून उभी दिसली. दरड उपसत होते. तिच्यापुढे गाड्यांची रांग, रांगेत शेवटी एक पांढरी व्हॅन.

लॉर्नने ब्रेकवर पाय दिला. त्याचा गुडघा ताठ झालेला मला दिसला. गाडी मात्र तशीच निघाली होती.

"लॉर्न."

"दाबतोय!"

इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर पुरवायला काही उरत नाही. दोनतीन दाबांपुरता साठा असतो, तो त्याने वरच्या वळणावरच संपवला होता. आता पेडल लाकडासारखं घट्ट झालं होतं. मी हात घालून किल्ली पुढे फिरवली आणि ओरडले, "गिअर!" त्याने गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन धक्क्यासरशी जागं झालं, माझं डोकं पुढे फेकलं गेलं, आणि व्हॅनच्या मागच्या काचेत एक तपकिरी कुत्रा भुंकत होता, इतक्या जवळ की त्याच्या तोंडाच्या वाफेने काच धुरकट झालेली दिसत होती.

थांबलो. पॉली जागी होऊन हसली. तिला धक्का म्हणजे खेळ वाटला.

मी लॉर्नकडे बघितलं. तो स्टिअरिंगमागच्या आकड्याकडे बघत होता.

"अजून चारच्या आतच आहे," तो म्हणाला.

मी खाली उतरले, फिरून त्याच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. "सरक. मी चालवते."

तो बाजूच्या सीटवर सरकला. रस्ता मोकळा झाल्यावर मी गाडी गिअरमध्येच ठेवून, पेडलवरचा पाय काढून खाली आणली. इंजिन गुरगुरत आम्हाला धरून होतं. त्या घडीचा आकडा शून्यावर आला.

"हे बघ," मी म्हणाले. "इंजिन चालू आहे आणि थेंब जळत नाहीये. मग बंद कशाला करतोस तू?"

"गिअरमध्ये ती ओढून धरते," लॉर्न म्हणाला. त्याने डोकं काचेला टेकलं होतं. "बंद केली की सुटते."

सुटते, हे त्याने अगदी मायेने म्हटलं. पॉलीशी तो असं बोलायचा, ती पोटात असताना.

क्रेस्टोव्हाला पोचल्यावर मी सासूबाईंच्या देखत सांगून टाकलं. "इंजिन बंद करायचं असेल तर पॉली तुझ्या गाडीत बसणार नाही."

"बरं," लॉर्न म्हणाला. फार पटकन म्हणाला.

सासूबाई बोर्श्तचं सूप वाढत होत्या. "तुम्ही आजकालच्या पोरी वाऱ्यालाही घाबरता गं. याचे वडील जन्मभर ब्रेक नसलेला ट्रॅक्टर चालवत होते. काही झालं नाही."

"काहीच नाही?"

"एक बोट गेलं. पण डाव्या हाताचं." त्यांनी माझ्या वाडग्यात वरून सायीचा चमचा टाकला. "खा. अंगावर पाजतेस, आणि चेहरा बघ कसा झालाय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेहून आलो तर पॉलीचा दात टोचायला लागला होता. ती कुणाच्याच हातात राहीना. सासूबाई आणि मी पिराही करत होतो, कणकेच्या पाऱ्या करून बटाट्याचं सारण भरायचं, कडा मिटायच्या आणि ओव्हनमध्ये ठेवायच्या. माझे हात पिठाने भरलेले.

"दे इकडे," लॉर्न म्हणाला. "अंगणात फिरवून आणतो."

खिडकीतून तिचं रडणं येत होतं. आधी जवळून, मग घराच्या बाजूने. मग थांबलं. मूल रडायचं थांबलं की आईचे खांदे आपोआप खाली येतात. माझे आले. मी आणखी दोन पाऱ्या मिटल्या.

मग वाटलं, ती दमली असती तर आवाज बारीक होत गेला असता. हा तोडल्यासारखा थांबला होता. गाडीचं दार लागलं की थांबतो, तसा.

पण इंजिन तर वाजलं नव्हतं. आमची गाडी गार असताना सुरू केली की अशी खडखडते की शेजारची कुत्री उठतात. मी खिडकीशी गेले. गाडी जिथे उभी केली होती तिथे गवत दबलेलं होतं. तेवढंच.

गार इंजिन सगळ्यात जास्त पितं, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

मी हात न धुता पळाले. क्रेस्टोव्हा पठारावर आहे, खाली मोठ्या रस्त्यापर्यंत झाडीतून सलग उतार. पळताना मी कान देत होते. कुठूनतरी इंजिनाचा आवाज यावा एवढंच मागत होते. माझ्याच पावलांचा आवाज येत होता, आणि कुठेतरी लांब एक ट्रक गिअर बदलत होता. पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्यावर खडी रस्त्यावर पसरलेली, ताजी, एक चाक कडेवरून गेल्यासारखी. मी पॉलीला हाक मारत होते. ती ओ देणार नाही हे माहीत असून मारत होते.

गाडी तळाशी उभी होती. थांबायच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे, तोंड मोठ्या रस्त्यात. मी पोचले तेवढ्यात ओंडक्यांचा ट्रक नाकासमोरून गेला आणि त्या वाऱ्याने गाडी हलली.

लॉर्नने काच खाली केली, ओठांवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर हसू होतं.

"शू. आत्ताच झोपली. आवाज नसला की किती गाढ झोपते बघ."

"तू रेषेच्या पुढे आहेस, लॉर्न."

"थोडी गेली पुढे. थांबली ना पण?"

मागचं दार उघडून मी पट्टे सोडले. पिठाचे ठसे उमटले सगळीकडे, बक्कलवर, तिच्या बाहीवर. ती जड आणि ऊबदार होती, तोंड उघडं, त्यात तो नवा दात मोहरीएवढा दिसत होता. मी तिला खांद्यावर घेतलं आणि वर चालायला लागले.

"लारा, चढ आहे गं. बस आत."

मी चालत राहिले. बराच वेळ मागे काही नव्हतं. मग खडखडाट झाला आणि गाडी माझ्या मागे आली, पहिल्या गिअरमध्ये, माझ्या चालीने.

"हे बघ, चालू केलंय इंजिन. ऐकू येतंय ना?"

मी मान वळवली नाही.

"लारा, आकडा बघ. बारा! बारावर गेलाय आता." त्याचा आवाज चिरकला. "तुझ्यासाठी करतोय मी हे. बघ तरी एकदा."

पॉली झोपेत माझी मान चोखत होती. मी श्वास मोजत चढत होते, आणि गाडीची ऊब माझ्या पोटऱ्यांना लागत होती, इतक्या जवळ होता तो.

सासूबाई फाटकाशी येऊन उभ्या होत्या, एप्रन तसाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पॉलीच्या बाहीवरच्या पिठाकडे, मग माझ्या मागे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी फाटक उघडून मला आत घेतलं आणि गाडीचं नाक आत यायच्या आधी लावून टाकलं.

"आई, उघड ना."

"किल्ली दे," सासूबाई म्हणाल्या. "आणि चालत आत ये."

"आई, काही झालेलं नाहीये!"

"लॉर्न. किल्ली."

तो बसून राहिला. इंजिन चालू होतं. आतून पिराही करपल्याचा वास यायला लागला होता, पण आम्ही दोघीही हललो नाही. मग इंजिन बंद झालं. मी दाराचा आवाज येईल म्हणून वाट बघत राहिले.

दार वाजलं नाही. चाकांखालची खडी तेवढी हलायला लागली, आधी सावकाश. लॉर्न आमच्याकडे बघत उतारावर मागे मागे जात होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"ब्रेक दाब रे," सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू, कोणी झोपलेलं असावं तशा. मग त्यांनी फाटकाची कडी घातली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला घराकडे वळवलं.