अरुंद होत गेलेला समुद्र

एखाद्या बंदराने आमच्या जहाजाला नकार दिला की समुद्र थोडा अरुंद होई. सोमवारी दोन्ही किनारे दुर्बिणीतून दिसत होते. गुरुवारी दुर्बिणीची गरज उरली नाही.

मी थर्ड ऑफिसर. आमच्या टँकरच्या पोटात पेट्रोल होतं. ज्या देशाचं ते होतं, त्याच्यावर निर्बंध लागले होते. म्हणून कुणी ते उतरवू देईना. कॅप्टन पालयेकर कंपनीला फोन करत. कंपनी म्हणे, "थांबा." फोन ठेवला की किनारे आणखी सरकत.

"सर, मागे वळवू या?"

"वळायला जागा कुठे आहे?"

दोन्ही किनारे एकमेकांशी लढत होते. गणवेश कुणाच्याच अंगावर नव्हता. डावीकडे एक जण बनियनवर दात घासत उभा होता, खांद्यावर रॉकेट. उजवीकडे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून ड्रोन उडत, डेकवर येत आणि आमचे चेहरे बघून परत जात. माझ्यासमोर एक बराच वेळ थांबला. 

मग डाव्या किनाऱ्यावरची एक खिडकी आमच्या कठड्याला येऊन टेकली. आत एक बाई होती. ती मराठीत बोलली, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

"जनरेटर बंद पडतोय. आई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. थोडं पेट्रोल द्या."

"देऊ नका," कॅप्टन म्हणाले. "दिलं की आपण त्यांचे झालो."

आमचे बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, इब्राहिमचाचा बाणकोटचे. त्यांनी कॅन भरलासुद्धा. "सर, म्हातारी गुदमरतेय. मला इथे ऐकू येतंय." त्यांनी कॅन खिडकीतून आत दिला. खोलीत दिवा लागला.

उजवीकडून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "त्यांना दिलंत."

तेवढ्यात पाणी संपलं. दोन्ही किनारे जहाजाला भिडले आणि दाबू लागले. पत्रा कण्हला. टाक्यांच्या झाकणांखालून पेट्रोल वर आलं, डेकभर पसरलं, आमच्या बुटांत शिरलं.

"कुणी हलू नका," कॅप्टन कुजबुजले.

चाचांनी माझा हात धरला. 

दोन्हीकडची माणसं कठडा ओलांडून डेकवर आली. फार दमलेली दिसत होती. डावीकडच्या एका दाढीवाल्याने बंदूक खाली ठेवली, सिगारेटचं पाकीट काढलं आणि समोरच्या शत्रूपुढे धरलं. समोरचा ओशाळून हसला. त्याने एक सिगारेट ओठांत धरली आणि लायटरसाठी शर्टाचा खिसा चाचपला. तिथे नव्हता. मग त्याने पँटच्या खिशात हात घातला.