सोयरासिस

डोंगरटोल्याच्या रुखमाबाईंच्या घरी लग्न निघालं की बांगड्या भरायला मूल गावची सुरय्याच येणार, हे इतकं ठरलेलं होतं की पत्रिका छापायच्या आधी तिला फोन जाई. यंदा नात रीताच्या लग्नाचाही तसाच गेला होता. पण हळदीला दोन दिवस उरले असताना दुसरा फोन आला. रीताचा भाऊ आदेश चाचरत बोलत होता.

"मावशी, ते... नागपूरची मंदाकाकू म्हणून राह्यली का यंदा दुकानातूनच बांगड्या आणू. तुमच्या हातावर ते गजकर्ण हाय ना. रीताले लागन म्हणते."

"बरं बेटा," सुरय्या म्हणाली. फोन ठेवून तिनं ओढणी मनगटांवर ओढून घेतली आणि पेटीतल्या बांगड्या पुसू लागली. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

तिची मुलगी नाजिया शेजारीच बसली होती. यंदाच सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. चुकीचा शब्द कानावर पडला की तिला दाढेत खडा आल्यासारखं व्हायचं.

"अम्मी, गजकर्ण बुरशीनं होतं. तुला सोरायसिस आहे. बुरशीचा काडीचा संबंध नाही!"

"मला काय सांगते? मला ठाऊक आहे."

ठाऊक व्हायला दोन हिवाळे लागले होते. सुरय्यानंही आधी ते गजकर्णच समजून मेडिकलमधून मलम आणलं होतं. आठवड्यात कातडी साफ झाली, मलम बंद केलं आणि चट्टे दुप्पट होऊन परतले. मग गडचिरोलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी कोपरावरचे जाड, लाल, वर चंदेरी पापुद्रा धरलेले चट्टे बघून नाव सांगितलं आणि असलं मलम पुन्हा मनानं लावायचं नाही, अशी तंबी दिली.

"तू उद्या चल," नाजिया म्हणाली. "मी समजावून सांगते. दहा मिनिटांचं काम."

"नको म्हणणाऱ्या घरी मी पेटी घेऊन जाऊ?" सुरय्या म्हणाली. पण थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "रीताच्या आईचा चुडा मीच भरला होता." सकाळी एसटीत खिडकीजवळ पेटी मांडीवर घेऊन तीच आधी बसली.

डोंगरटोल्यात अंगणभर मांडव पडला होता, वर जांभळीचे डहाळे. बायका तांदूळ निवडत होत्या. पेटी बघून क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. खाटेवर बसलेल्या रुखमाबाईंनी मात्र, "आली का वं सुरय्या? बस," म्हणून जागा करून दिली. कान जड झाल्यामुळे घरात काय ठरलं ते त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

नाजियानं उभ्या उभ्याच सुरुवात केली. आपली रोगप्रतिकारशक्ती, तिचा गोंधळ, महिन्याभरात बदलणारी कातडी काही दिवसांतच कशी बदलू लागते, जुन्या पेशी झडायच्या आत नव्या वर येतात म्हणून कसे थर साचतात. सगळं बरोबर होतं. बायका तिच्याकडे टीव्हीवरच्या बातम्यांकडे बघतात तशा बघत होत्या.

"काय म्हणते पोरगी?" रुखमाबाईंनी विचारलं.

"आजी, सोरायसिस!" आदेश त्यांच्या कानाशी ओरडला.

"सोयरा? कोणाचा सोयरा आला?"

मांडव खदखदून हसला. नाजियानं दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण रुखमाबाई आता नीट सरसावून बसल्या होत्या.

"हासता कायले? सांग वं पोरी. हा तुया मायचा सोयरा बोलावल्यावर येते का?"

"नाही आजी," नाजिया त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "आपणहून येतो."

"आन् जाते?"

"जातो. म्हणजे दबतो. पण कायमचा जाईलच असं नाही. पुन्हा येतो, बहुतेक थंडीत."

"मंग सोयराच हाय तो!" रुखमाबाईंनी मांडीवर थाप मारली. "एकटाच हाय का खटलं हाय मोठं?"

नाजियानं आईकडे पाहिलं. सुरय्या ओढणीआड हसत होती, सकाळपासून पहिल्यांदा. मग नाजिया खाली बसली.

"खटलं आहे आजी. अम्मीकडे आलाय तो थोरला. कोपर, गुडघे, कंबर, या त्याच्या जागा. बहुतेकांकडे तोच येतो. दुसरा डोक्यात केसांखाली बसतो, लोक कोंडा समजतात. एक नखांत शिरतो, नखांना बारीक खड्डे पाडतो."

"खड्डे पाडते! अवदसा!"

"एक लपून राहणारा. काखेत, जांघेत. तिथं पापुद्रा धरत नाही, नुसतं लाल, गुळगुळीत. आणि एक घसा दुखून गेल्यावर येतो, जास्त करून पोरांकडे. अंगभर थेंब थेंब, एकदम."

"म्हंजे वऱ्हाडच घेऊन येते!" तांदूळ निवडणारी एक बाई म्हणाली.

"वऱ्हाडच! पण ते बरेचदा काही आठवड्यांत, महिन्यांत उठूनही जातं." नाजियाला आता गंमत वाटू लागली होती, तरी तिचा काटेकोरपणा सुटेना. "एक पिवळट फोड आणतो, तळहाताला, तळपायाला. त्यात पू दिसतो, पण तोही लागट नाही. आणि सगळ्यात वाईट तो, सारं अंगच लाल करून सोलून काढतो, ताप, थरथर. त्याला घरी ठेवायचंच नाही. ताबडतोब दवाखाना."

"आन् हा थोरला? याचा मानपान काय?"

यावेळी सुरय्याच बोलली. "मानपान लई हाय बाई. आंघोळ झाली का आंग ओलं हाय तंवर मलम चोपडावं लागते. खाजवाचं नाई. डॉक्टरनं देल्लं औषध मनानं सोडाचं नाई. रागराग केला, झोप नाई झाली का हा फुगून बसते. खर्रा खाल्ला तरी याले चढते."

"आइकलं का जी?" रुखमाबाई मांडवाच्या टोकाकडे ओरडल्या. तिथं त्यांचे यजमान बापूजी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. ते मुकाट्यानं पलीकडे तोंड करून बसले.

मंदाकाकू इतका वेळ दारात उभी होती. ती हसली नव्हती. "हे सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण बांगडी भरताना हाताला हात घासतो. माझ्या पुतणीचं परवा लग्न आहे. मला खात्री पाहिजे."

प्रश्न रास्त होता. नाजियाला एकदम जाणवलं की आपण आल्या आल्या उत्तर दिलं, पण हा प्रश्न कुणाला विचारूच दिला नाही.

"काकू, यात जंतू नाही, बुरशी नाही. शिवण्यानं जायला त्यात काही नसतंच. मी अजून अम्मीच्याच पांघरुणात झोपते. तिचाच टॉवेल वापरते, ती रागावते तरी." तिनं बाह्या वर केल्या. हात नितळ होते. "घराण्यात असेल तर रक्ताच्या नात्यात होऊ शकतो. म्हणजे व्हायचा तर मला होईल. रीताला नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की मंदाकाकू जरा गडबडली.

"काकू," आतून रीताचा आवाज आला, "मी मावशीच्याच हातच्या भरीन. आईच्या भरल्या त्या मावशीनंच. नाईतर मोकळ्या हातानं उभी राहीन." ती बाहेर येऊन पेटीसमोर बसली आणि हात पुढे केला.

सुरय्यानं ओढणी बाजूला सारली, मंदाकाकूकडे पाहिलं. मंदाकाकूनं सुस्कारा सोडला. "भरा. पण हळू."

हिरव्या बांगड्या एकेक करून रीताच्या हातात चढल्या, एकही न अडकता. ते बघताना नाजियाला आईच्या अंगठ्याच्या बुडाशी चट्टे दिसले. ते इतर चट्ट्यांसारखे गोल नव्हते, सरळ रेषेत होते. जिथं काच घासते, ओरखडा उठतो, नेमके तिथं.

"अम्मी, कातडीला जखम झाली की हा तिथंच उगवतो. डॉक्टरनं सांगितलं होतं. बांगड्यांनीच होतंय हे."

"मंग काय, धंदा सोडू?"

"रीताच्या झाल्या ना? आता बाकीच्यांच्या मी भरते. थंडी संपेपर्यंत तुझे हात आराम करतील."

सुरय्या हसली. लहानपणापासून या कामाला नाक मुरडणारी ही पोरगी. "तुले येते का?"

"शिकेन."

"चला, कोण बसते डॉक्टरनीसमोर?" रुखमाबाईंनी हाक दिली. बायका तांदळात फारच गुंतल्या. कुणीच उठेना.

शेवटी मंदाकाकूच पदर खोचत पुढे येऊन बसली. "मीच बसते. गजकर्ण मीच म्हटलं होतं ना."

"अंगठा आत दाब, मग बोटांची गाठ चेप," सुरय्या मागून सांगू लागली. नाजियानं दाबलं, चेपलं, जीभ दातांत धरून ढकललं. कट्‌कन आवाज झाला.

"फुटली!" नाजिया घाबरून म्हणाली.

"लगनघरी फुटली म्हनतेत का वं?" रुखमाबाई ओरडल्या. "वाढली म्हन, वाढली!"

"वाढली," नाजियानं दुरुस्ती केली आणि दुसरी घेतली. मंदाकाकूनं डोळे मिटून घेतले होते, पण हात मात्र मागे घेतला नव्हता.