इकराने शोधलेला अंडीचोर

मित्रांनो, सिंदेवाहीच्या एका लहानशा वाचनालयात राहणारे मी रहस्यकथांचे एक जुने पुस्तक आहे. मी नवे होते तेव्हा माझ्यासाठी मुले भांडत. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि मी कपाटात पडून राहिले. माझी शिवण उसवली, पानांना कसर लागली. आता आपले दिवस संपले, असेच मला वाटू लागले होते.

एकदा जाहिदाबाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. ग्रंथपाल रिनाबाईंनी मुलीला नाव विचारले.

"इकरा," उत्तर आईनेच दिले. "लय लाजते. एकटी कुठी जात नाई."

रिनाबाईंनी मला डिंक लावून नीट केले आणि इकराच्या हाती दिले. "शेवट आधी पाह्यचा नाई. चोर कोण, थे तूच शोध. चुकली तरी चालते."

पहिल्या तीन कथांत इकरा चुकलीच. चौथीतला चोर मात्र तिने बरोबर ओळखला आणि मला छातीशी असे घट्ट धरले, की माझा जीव सुखावला.

त्याच सुमारास तिच्या शाळेत पोषण आहाराची अंडी दोनदा नाहीशी झाली. अंडी ठेवायच्या स्वयंपाकखोलीची किल्ली स्वयंपाक करणाऱ्या सुकरीबाईंकडे असे. गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

"मी एकबी अंडं नेलं नाई, साहेब," म्हणत सुकरीबाई रडू लागल्या.

मी इकराच्या दप्तरात होते. चारचौघांत ती कधी बोलत नसे. तरी ती उभी राहिली.

"सर, बाईंनी नाई नेली. मी सुट्टीत खोली पाह्यली. तुमी या ना."

सगळे तिच्यामागे गेले. इकराने खाली बोट दाखवले. "उंदरानं, मुंगसानं खाल्ली असती तर टरफलं पडली असती. इथी एकबी नाई. कोणीतरी अख्खी गिळली. अन् ह्या राखेत पाहा, दोरी ओढल्यासारखी रेघ हाये."

"म्हणजे साप!" मुख्याध्यापक म्हणाले.

"सापाले पाय कुठी असते, सर? रेघेच्या दोन्ही बाजूंले नखं उमटली हायेत."

रेघ मोरीच्या भोकातून बाहेरच्या सरपणापर्यंत गेली होती. लाकडे हलवली, तर आत चांगली हातभर लांब घोरपड! वनरक्षक पोचूभाऊंनी येऊन तिला पोत्यात घातले आणि जंगलात सोडले. मुख्याध्यापकांनी मुलांसमोरच सुकरीबाईंची हात जोडून माफी मागितली. सुकरीबाईंनी इकराला जवळ घेतले.

शनिवारी इकरा मला परत करायला आली. जाहिदाबाई रस्त्यापलीकडेच थांबल्या होत्या. मधेच एक ट्रक आला, तशी त्यांनी पाऊल पुढे टाकले आणि पुन्हा मागे घेतले. ट्रक जाईपर्यंत इकरा कडेला थांबली, मग एकटीने रस्ता ओलांडून आत आली.

"आता यापेक्षा कठीण द्या, बाई," ती म्हणाली.

मित्रांनो, आम्ही उसवलो तर आम्हाला शिवा, कपाटात कोंडू नका. आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा एक निरोप सांगा: मूल अडले की उत्तर सांगायची घाई करू नका. जाहिदाबाईंसारखे जरा अंतरावर उभे राहा. ते फार अवघड असते, हे मी त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर वाचले आहे.